तुटक रेघ

“इथं काही फाटलं नव्हतं,” गवंडी तिसऱ्यांदा म्हणाला. कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, म्हणून भूगर्भ खात्याच्या बाईंनी नकाशावरून मान वर केली.

अंगण हात फिरवल्यासारखं सपाट होतं. एका कडेला पत्र्याची खोली. तिच्यात गवंडी, त्याची बायको आणि धाकटी मुलगी राहत. समोर, जिथं भूकंपापर्यंत घर होतं, तिथं दाराची दगडी पायरी तेवढी उरली होती. थोरली त्या घराबरोबर गेली. पायरीशेजारी आता नव्या विटांचा ढीग रचला होता, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. माणूस घर बांधायला कंबर कसून बसला होता.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. जमीन ज्या भेगेवरून सरकली ती भेग नकाशावर काढायची. डोळ्यांना दिसली तिथं सलग रेघ, अंदाजानं काढली तिथं तुटक. सलग रेघेच्या दोन्ही अंगांना घर बांधायला बंदी. तुटक असेल तर परवान्यावर सही करताना साहेब जरा कुरकुरतात, एवढंच. मागच्या शेतात भेग स्पष्ट होती. रस्त्यापलीकडे ओढ्याच्या काठावर ती पुन्हा दिसत होती. मधलं हे अंगण तेवढं काही बोलायला तयार नव्हतं.

“दोन्हीकडे पट्टी लावली तर भेग तुमच्या अंगणातूनच जाते, दादा.”

“पट्टीचं काय, कुठूनही जाईल. मॅडम, दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलेत आम्ही. ही जागा गेली तर जायचं कुठं, तेवढं सांगा. मग खुशाल काढा तुमची रेघ.”

ते सांगणं खात्याचं काम होतं, पण खातं इथं उन्हात उभं नव्हतं. बाईंनी पेन्सिल टेकवली आणि तुटक रेघ ओढायला घेतली. एक तुकडा, मग दुसरा.

पत्र्याच्या दारात गवंड्याची बायको धाकटीला कडेवर घेऊन उभी होती. ती पुढं आली, मुलीला नवऱ्याच्या हातात दिलं आणि पत्र्याला टेकवलेलं फावडं उचललं.

“काय करतेस?”

ती अंगणाच्या मध्यावर जाऊन माती ओढू लागली.

“अगं, राहू दे. ऐक माझं.”

“हिलाही त्याच जागी निजवायचं?” मान वर न करता ती म्हणाली.

धाकटीनं गवंड्याचा कान धरला होता. त्यानं तो सोडवून घेतला नाही.

वीतभर मातीखाली सिमेंट लागलं. फाटकापासून पायरीपर्यंत गेलेली वाट होती ती. बायकोनं फावडं बाजूला ठेवलं आणि खाली बसून हातानं माती झाडली. सिमेंटवर पावलं उमटलेली होती. अनवाणी, मुठीत मावतील एवढी.

“नुकती घोटून ठेवली होती वाट,” गवंडी कुणाकडेच न बघता म्हणाला. “आणि थोरली खुशाल चालत गेली वरून. असा ओरडलो तिच्यावर! थापी घेऊन पुसायला बसलो, तर ही पुसू देईना.” मग जरा थांबून म्हणाला, “नंतर मीच माती टाकली. येता-जाता पाय पडायचा हो.”

फाटकाकडून पाच पावलं नीट येत होती. मग वाटेला आडवी भेग. भेगेपलीकडे वाट होती, पावलंही होती, पण समोर नव्हती. चालत्या पोरीला कुणी उचलून कडेला ठेवावं तशी बाजूला होती.

बाईंच्या मदतनीसानं टेप लावला. एरवी तो माप रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगायचा.

“सव्वा मीटर,” तो हळूच म्हणाला.

असा पुरावा खात्यात आजवर कुणाला मिळाला नव्हता. बाईंना ते कळत होतं, आणि कळतंय याची लाजही वाटत होती. तरी पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं.

“ती सरळ चालली होती का? मध्येच वळली असेल तर माप चुकेल.”

“पोरं कधी सरळ चालतात होय?” गवंडी घाईघाईनं म्हणाला. त्याला अजून घर हवं होतं.

“सरळच आली,” बायको म्हणाली. “पायरीवर मी उभी होते ना, हात पसरून.”

बाईंनी रेघेच्या तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा एकेक करून भरल्या. गवंड्यानं ते पाहिलं आणि धाकटीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

माप पडताळायचं राहिलं होतं. मदतनीसानं फाटकाकडच्या पावलांवर दोरी धरली आणि पोर चालली होती त्याच दिशेनं ताणत नेली. बायको जाऊन पायरीवर उभी राहिली, तेव्हाच्याच जागी. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दोरी भेग ओलांडून सरळ आली आणि तिच्यापासून सव्वा मीटर बाजूनं विटांच्या ढिगाकडे गेली.

तिनं हात लांब केला. पोचला नाही.