अनवाणी फोटो

"मुलांना बूट काढायला सांगा ना," फाउंडेशनच्या मॅडम म्हणाल्या. "अनवाणी पोरं बघितली की देणगीदारांना पाझर फुटतो."

आपल्याच पारधी वस्तीत शाळा काढणाऱ्या मोगराला पाठबळ द्यायला ही मंडळी पुण्याहून आली होती. त्यांच्यासाठी पोरांनी सकाळीच बूट घासूनपुसून चकचकीत केले होते.

मॅडमची नजर बुटांवर खिळली. "पण इतके नवे बूट यांनी आणले कुठून?"

मोगराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पारधी म्हटलं की चोरच! छातीवर बिल्ला समतेचा, नजर मात्र हवालदाराची.

"काढायचं म्हणता? काढते की," ती गोड हसून म्हणाली. मग वाकली आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"हं, आता घ्या फोटो."