अर्धी वेणी

चौऱ्याण्णवच्या मार्चात माझे वडील, आबा, नातीची वेणी घालताना बसल्या जागी गेले. सात वर्षांपूर्वी माझी बायको वारली, तेव्हापासून उसाला पाणी देऊन आले की नातीचं डोकं तेच विंचरायचे. तिसऱ्या दिवशी तिचा दहावीचा पहिला पेपर इंदापूरला होता. अर्धी वेणी तिनं अंघोळीतही सोडली नव्हती. मी फणी घेतली तशी चुलती ओरडली, "सुतकात फणी? दहाव्यापर्यंत पोरगी हितनं हलायची न्हाय. भावकी काय म्हणंल?" "भावकी पेपर लिवणार हाय का, काकी?" मी म्हणालो. आबांचे पेड तसेच ठेवून मी खालचे केस गुंफले. "आबांची घट्ट असायची," पोरगी म्हणाली. मी आणखी आवळली. निघताना ती सवयीनं चुलतीच्या पाया पडली. सुतकात आशीर्वाद द्यायचा नसतो, हे चुलती विसरली. डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पयली ये, बाये."