निंबाळकर साहेबांचं उत्तर

"आप्पा, ह्यात दुसऱ्या कुणाचं खातं बी हाय का?"

शिवप्रियानं हे विचारलं आणि लक्ष्मम्माच्या हातातला चहा बशीत सांडला.

"दुसरं कुणाचं असणार?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "घरात मेल करणारा म्या एकटाच."

"अहो, साखर संपली," लक्ष्मम्मा मधेच म्हणाली. "जाऊन आणा बघू. हा चहा अगोडच झालाय."

आप्पांनी पिशवी उचलली. दारातून वळून त्यांनी शिवप्रियाला बजावलं, "पोरी, एक बी मेल गळता कामा न्हाय. निंबाळकर साहेबांचं एकेक उत्तर नव्या मशीनवर आलं पाहिजे. पहिल्यापास्नं."

शिवप्रियाचं येडशीच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आप्पांचा कॉम्प्युटर इतका जुना, की त्यातली विंडोज आता कुणी वापरत नव्हतं. मेल सगळी त्या डब्याच्या पोटातच साठलेली. डबा बंद पडला, की अकरा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. म्हणून पुण्याच्या मुलानं नवा कॉम्प्युटर पाठवला होता, आणि जुनी मेल त्यावर न्यायला शिवप्रिया सकाळपासून बसली होती.

फाटकाची कडी वाजली. आप्पा गेले. लक्ष्मम्मानं स्टूल ओढलं आणि ती शिवप्रियाच्या शेजारी टेकली.

"काय काय दिसलं तुला?"

"समदंच, काकू."

दुसरं खातं होतं निंबाळकर, उपसंचालक, जनतक्रार कक्ष यांच्या नावाचं. आप्पांनी पाठवलेली प्रत्येक तक्रार त्या खात्यात येऊन पडलेली. आणि साहेबांची उत्तरं? ती ह्याच मशीनवरून गेलेली, ह्याच खोलीतून. चारशे बारा उत्तरं.

"काय करू मग?" लक्ष्मम्मा म्हणाली. "पेन्शनीत निघाले आणि तक्रारी लिवायला बसले. येष्टी उशिरा का, चौकातल्या नळाला चावी का न्हाय. सतरा कार्यालयांना मेल. उत्तर एकाचं बी न्हाय. दिवसातनं दहादा मशीन उघडायचे आणि लालबुंद व्हायचे. एकदा तर चक्कर येऊन न्हाणीत पडले. डॉक्टर म्हणाले, हा राग ह्यांना घेऊन जाईल. मंग म्या एक साहेब केला. त्याचं पहिलं उत्तर आलं, तवापास्नं हे त्यालाच लिवतात."

शिवप्रिया हसू दाबत होती.

"हसू नको. लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झालेय म्या. इथं कुणी इचारलंच न्हाय कधी. हे सकाळी रामलिंगाकडं फिरायला गेले, की म्या साहेब व्हायची. 'आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच प्रशासन सजग राहते.' हे वाचून दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यांनी."

"आणि तो नळ?"

"चावी म्याच बसवून घेतली. साहेबाचा शब्द खाली पडू देऊ व्हय?" आता लक्ष्मम्माला चांगलाच रंग चढला होता. "माझं कधी ऐकलं न्हाय त्यांनी. साहेबांनी लिवलं, 'गोळ्या वेळेवर घेत जाव्यात,' तर दुसऱ्या दिवसापास्नं आपल्या हातानं घेऊ लागले. साहेबांनी लिवलं, 'कुटुंबास येरमाळ्यास देवदर्शनास न्यावे.' त्याच मंगळवारी नेलं मला. तीस वर्षं म्हणत होते म्या!"

मग तिचा आवाज उतरला. "जुन्यात म्या दडवून ठेवलं व्हतं. नव्या मशीनवर दोन्ही खाती शेजारी शेजारी दिसली, तर काय होईल गं? साहेब खोटा निघाला हे ह्यांना सोसायचं न्हाय. आणि साहेब बंद केला, तर मागचं पुन्हा सुरू."

शिवप्रियानं थोडा विचार केला. "तुमचा फोन द्या, काकू."

अर्ध्या तासात निंबाळकर साहेब त्यांच्या सगळ्या पत्रव्यवहारासह लक्ष्मम्माच्या फोनमध्ये राहायला गेले. कुलूप लागलं. लक्ष्मम्मानं फोन कमरेला खोचला आणि समाधानानं चहा ठेवायला गेली.

आप्पा साखर घेऊन आले. नव्या पडद्यावर त्यांनी साहेबांचं पहिलं उत्तर उघडलं, चष्मा सारखा करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग मधलं एक, मग परवाचं एक. "आली. समदी आली," ते म्हणाले.

चहा झाला. शिवप्रिया निघाली, तसे आप्पा तिला पोचवायला फाटकापर्यंत आले. त्यांनी एकदा मागं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आज फोन कमरेला खोचून फिरतेय ती. साहेबांना त्यातच घातलंस न्हवं? नीट चालतील ना तिथं?"

गाडीची किल्ली शिवप्रियाच्या हातातून निसटली. "आप्पा! तुमाला ठाव हाय?"

"बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली म्या. आठ दिवसांत उत्तर देणारा साहेब एक बी बघितला न्हाय."

"मग काकूंना सांगितलं का न्हाय? आणि तक्रारी अजून कशाला पाठवता?"

आप्पांनी वाकून किल्ली उचलली, तिच्या हातावर ठेवली.

"खऱ्या तक्रारी कवाच सरल्या, पोरी. चार सालं झाली, समद्या म्या मनानं रचतोय. साहेबांना लिवायला लई आवडतं."