हेन्रीचं पान

फोटो उतरवताना शेजारच्या वॉल्टरचा हात खिळ्यापर्यंत पोचेना, तेव्हा सुलेखाकाकूंनीच तो भिंतीवरून अलगद काढला.

कातडी टोपी, कपाळावर चढवलेला चष्मा, नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा. खाली नाव, हेन्री. पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या आकाशात त्याचं विमान कोसळलं होतं. फ्रेमला सुकलेल्या फुलांचा हार होता आणि काचेआड विमानाच्या कापडाचा एक तुकडा. हार घातलेला फोटो म्हणजे घरातलं गेलेलं माणूस, हे काकूंना कुणी शिकवायला नको होतं. नागपूर काय नि अमेरिकेतलं हे बॉथेल काय, माणसं इथूनतिथून सारखीच.

"तेव्हा वैमानिकांना पॅराशूट नसायचं," वॉल्टर म्हणाला. "पोरं महिनाभर टिकली तरी नशीब. हा तुकडा आजोबांनी स्वतः कापून घेतला. अमेरिकेत आले तेही हा फोटो उराशी धरूनच."

"मूलबाळ?"

"लग्नच झालं नव्हतं. तो त्या दिवशी परतला नाही, म्हणून माझे आजोबा परतले. आम्ही सगळे आहोत ते त्याच्यामुळे. थँक्सगिव्हिंगला आधी त्याचं ताट वाढायचं, मग आपण जेवायचं, हा आजोबांनी घालून दिलेला नियम."

काकूंचे डोळे भरून आले. भावासाठी भावानं जीव दिला! अशी माणसं आता कुठे मिळायची?

वॉल्टर उद्या वृद्धाश्रमात जाणार होता. मागेपुढे कुणी नाही. आपल्यानंतर हेन्रीला कोण विचारणार, हा एकच घोर त्याला लागला होता.

काकूंना तर या माणसाचं किती करू आणि किती नको असं झालं होतं. गेल्या हिवाळ्यात अरुणकाका ड्राइव्हवेवर कोसळले, तेव्हा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बर्फात गुडघे टेकून त्यांची छाती दाबत राहिला तो हाच म्हातारा. असले उपकार फिटत नसतात, पण म्हणून माणसानं हातावर हात ठेवून बसायचं नसतं.

"फोटो आमच्याकडे राहील," त्या म्हणाल्या. "आणि आज आमची सर्वपित्री अमावस्या आहे. हेन्रीचं पान आम्ही वाढू. आजच नाही, दरवर्षी."

वॉल्टरनं काकूंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

घरी यतीननं कपाळाला आठ्या घातल्या. "आई, आपण त्यांची फॅमिली नाही. इट्स सो ऑकवर्ड!"

"तुझे बाबा आज दिसताहेत ते कुणामुळे? मग गप्प बस आणि खिरीचं पातेलं आण."

बॉथेलमध्ये कावळ्यांना काही तोटा नाही. डेकच्या कठड्यावर त्यांची रांग लागली होती. पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी. शेजारी खुर्चीत वॉल्टर, मांडीवर हेन्री. कृतज्ञतेनं त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

अरुणकाकांनी तळहातावर काळे तीळ आणि पाणी घेतलं. दक्षिणेकडे तोंड केलं आणि थांबले.

"वॉल्टर, पाणी सोडताना नाव घेतात आणि नातं सांगतात. नाव हेन्री. नातं काय सांगू? आजोबांचा भाऊ ना?"

वॉल्टरनं काचेआडच्या कापडावरून हलकेच बोट फिरवलं.

"नाही," तो म्हणाला. "त्याचं विमान माझ्या आजोबांनी पाडलं."