चादरीखालची चकती

जयवंतच्या उशाशी हिरवा दिवा लागला. गाठीतल्या पेशींमधलं पाणी निरोगी पेशींसारखं संथ झालं, म्हणजे केमो लागू पडली, असं चादरीखालची चकती सांगत होती. मृदुलाने वर पाहिलं. बाटलीतलं औषध अजून सुरूच झालं नव्हतं.

“सिस्टर, हे यंत्र दरवेळी हिरवंच कसं दाखवतं?”

“यंत्र ठीक आहे, ताई,” सिस्टर म्हणाली आणि तिने नजर चुकवली.

मृदुलाच्या मनात पाल चुकचुकली. तिने नवऱ्याची चादर ओढली. गाठ डाव्या फुफ्फुसात होती आणि चकती उजव्या मांडीवर, निरोगी जागी चिकटवलेली.

“इथे कोणी लावली ही?”

“मीच सांगितलं सिस्टरना,” जयवंत म्हणाला. “हिरवं दिसलं की तू जेवतेस.”