हत्यारांच्या ओळीत

“घरात जे जे राबतं, ते ते ओटीवर आणून ठेव गो. एकपन इसरू नको.”

खंडेनवमीच्या सकाळी सासूबाईंनी बजावलेलं नेहाच्या कानात होतं. तिनं कोयता आणला, विळी आणली, कुऱ्हाड, कुदळ, नवऱ्याचे पाने-पक्कड, शिलाईची कात्री आणली. आपल्या खोलीतला ब्रश मात्र तिनं आणला नाही. तिचं काम या घरात राबण्यात धरलं जात नव्हतं. ती खऱ्या गाड्यांच्या वीतभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृती करायची. सून काय करते असं कुणी विचारलं, की सासूबाई, म्हणजे वत्सलाबाई, पावसापाण्याचं काहीतरी काढायच्या. शेजारची रखमी तर तोंडावर म्हणायची, “तुजी सून भातुकलीतून भाईर कदी येनार गो?”

म्हणून शहापूरच्या बाजारातून झेंडू घेऊन परतलेली नेहा ओटीवर पाय ठेवताच थबकली. कोयता आणि कुऱ्हाडीच्या मधोमध, तांबड्या कापडावर, तिची पांढरी रुग्णवाहिका उभी होती. टपावर हळदकुंकू. शेजारी तिचा बारीक ब्रश, त्यालाही कुंकवाचं बोट.

नेहाचे डोळे भरून आले. मग तिनं वाकून नीट पाहिलं.

गाडीच्या रेघा गेल्या होत्या.

दारं, बॉनेट, खिडक्या यांच्या कडेनं केसाएवढ्या खाचा असतात. त्यांत पातळ काळ्या रंगाचा थेंब टेकवला, की तो आपसूक खाचेतून धावत जातो. बाहेर आलेला रंग कापसानं टिपला, की दार दारासारखं दिसायला लागतं. नेहानं सकाळीच ते सगळं केलं होतं. ती बाजाराला निघाली तेव्हा रंग अजून ओलाच होता. आता ओटीवर नुसती साबणाची वडी उभी होती, चाकं लावलेली.

“आई, ही धुतलीत का तुम्ही?”

“धुनार नाय तर काय? देवीपुढं तशीच मांडू?” वत्सलाबाईंचा चेहरा उजळला. “किती मळ गो त्या दारांच्या फटींत! जुना दातांचा ब्रश घेतला, साबन लावला, एकेक फट घासली. इतकी झ्याक गाडी केलीस नि साफ करायचीच इसरलीस!”

नेहाला हसावं की रडावं कळेना. गाडी मुरबाडच्या हर्षालीनं मुद्दाम करायला सांगितली होती. तिचे वडील ज्ञानेश्वर जन्मभर रुग्णवाहिका चालवत आले. दर दसऱ्याला गाडी स्वतः धुवायची, मोठा हार घालायचा, मगच घरी जेवायला यायचं. यंदा ते निवृत्त झाले आणि हार घालायला गाडीच उरली नाही. “दसऱ्याच्या सकाळी काकांच्या पाटावर त्यांची गाडी असेल,” असा शब्द नेहानं दिला होता. दसरा उद्यावर आला होता.

रेघा पुन्हा भरायला आजची दुपार पुरली असती. पण पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नेम. आणि वत्सलाबाईंचा नेम म्हणजे दगडावरची रेघ. नऊ दिवस फळांवर, नऊ दिवस अनवाणी. विळी पूजेत बसली म्हणून आज घरात भाजी चिरली नव्हती, नुसतं वरण होतं. गेल्या साली जावयानं शहाळं सोलायला कोयता मागितला, तर त्याची चहावर बोळवण झाली होती.

आज कुठे नेहाच्या कामाला या ओळीत जागा मिळाली होती. तीच मोडा म्हणून कसं सांगायचं? ती झेंडू ओवू लागली.

“काय झालं गो? हार वाकडा चाललाय तुजा.”

मग तिनं सगळं सांगितलं. हर्षालीचं, काकांचं, उद्याच्या हाराचं. शेवटी हळूच म्हणाली, “आणि आई, तो मळ नव्हता. माझं सगळं काम त्या रेघांतच होतं.”

वत्सलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. “अगो बाय! म्हंजे तुजं काम मी दातांच्या ब्रशानं घासून काढलं?”

नेहाला हसू फुटलं. वत्सलाबाईही हसल्या. मग समईकडे बघत बसल्या. थोड्या वेळानं उठल्या, ताटातल्या चिमूटभर अक्षता घेतल्या आणि गाडीवर नि ब्रशावर टाकल्या. दोन्ही वस्तू बोटानं किंचित हलवल्या, हात जोडले.

“माय, राग धरू नको. पोरीनं शब्द दिलाय.”

गाडी आणि ब्रश त्यांनी नेहाच्या ओंजळीत ठेवले. “कोयता-विळी बसू दे उद्यापर्यंत. ही दोन उठली. जा आता, नि मळ नीट भर. एकपन फट सोडू नको.”

नेहा आतल्या खोलीत खिडकीपाशी बसली. टपावरचं कुंकू तिनं कापसानं अलगद टिपलं, रंगाची बाटली उघडली आणि ड्रायव्हरच्या दाराला पहिला थेंब टेकवला.

बाहेर अंगणातून रखमीची हाक आली, “वत्सले, पूजा बगायला आलेय गो! सून कुठं दिसत नाय?”

“कामावर गेलीय,” वत्सलाबाई म्हणाल्या आणि आतलं दार हळूच ओढून घेतलं. नवरात्रात त्या चुकूनही खोटं बोलत नसत.