डिकी रिकामीच असते

"दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचा भार एकाच तारेवर टाकायचा, तर ती जाडच हवी. लांब न्यायची असेल तर आणखी जाड, नाहीतर तापते," मिस्त्री म्हणाला. "बसवायचे कुठे? सीटखाली?"

"डिकीत. ती रिकामीच असते," चिरंजीव म्हणाले.

कार-स्टिरिओच्या दुकानाच्या दारात, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या कुमुदताईंनी मान वर केली. दवाखान्यातून परतताना इथे थांबल्यावर लेकानेच ती खुर्ची डिकीतून काढली होती. परवा भाऊबीज. मिरजेला नेतो म्हणाला होता. लग्न झाल्यापासून त्यांची एकही भाऊबीज चुकली नव्हती, आणि भाऊ आता नव्वदीला टेकलेला.

"मग माझी खुर्ची रे?"

"आई, या वर्षी मामाला मोबाईलवरच ओवाळ ना!"

कुमुदताई मिस्त्रीकडे वळल्या.

"दादा, बारीक तार घातलीत तरी चालेल हो. गाडीतला एक भार आत्ताच उतरला."